जुन्या आउटबोर्डला चार्जिंग: वाचक विचारतात

जायकवाडी, माजलगाव, येलदरी आणि विष्णुपुरीच्या पाण्यावर होड्या चालवणाऱ्या वाचकांनी या वेळी एकच विषय लावून धरला आहे. आउटबोर्ड म्हणजे होडीच्या मागच्या फळीला लावायचे इंजिन. ते जुने, दोरी ओढून चालू होणारे. त्यावर बॅटरी चार्ज करायची आहे. निवडक प्रश्न आणि उत्तरे खाली देत आहोत.

नाथसागरात जाळी टाकायला आमच्याकडं २५ हॉर्सपॉवरचं, दोन सिलिंडरचं टू-स्ट्रोक इंजिन आहे. बॅटरी नाही. रात्री दोन एलईडी दिवे, मोबाइल आणि छोटा फिश फाइंडर चालवायचा आहे. मेकॅनिक म्हणतो, फ्लायव्हील काढून कॉइल टाकू. खर्च करावा का? (पैठण)

आधी कागदावर हिशोब मांडा. दोन दिवे मिळून १० वॅट, फिश फाइंडर ८, मोबाइल १०. एकूण २८ वॅट. १२ व्होल्टला हे साधारण २.३ अँपिअर झाले. रात्रीचे सहा तास धरले तर १४ अँपिअर-तास खर्ची पडतात.

आता जमेची बाजू. अशा इंजिनांची लाइटिंग कॉइल, म्हणजे फ्लायव्हीलच्या फिरत्या चुंबकांखाली बसून वीज देणारी तारेची गुंडाळी, बहुधा ६० ते ८० वॅटची असते. ८० वॅट म्हणजे साडेसहा अँपिअर, पण तो आकडा इंजिन मिनिटाला पाच हजार फेऱ्यांच्या आसपास पळत असतानाचा. मध्यम गतीला चार मिळाले तरी पुष्कळ. आयडलवर एक अँपिअरही धड येत नाही. जाळ्यापर्यंत जायला अर्धा तास आणि परतायला अर्धा तास लागत असेल, तर रोजचा भरणा फार तर चार अँपिअर-तास, म्हणजे रोज दहाची तूट. ३५ अँपिअर-तासांची बॅटरी दुसऱ्या रात्रीनंतर निम्म्याखाली येते आणि तिसऱ्या रात्री मध्येच दिवे मंदावतात. मग दोष कॉइलला दिला जातो, खरा दोष हिशोबाचा असतो.

म्हणून तुमच्यासाठी आमचा कौल ५० वॅटच्या सोलर पॅनेलला आणि साध्या चार्ज कंट्रोलरला. निरभ्र दिवशी असे पॅनेल आपल्याकडे १२ ते १४ अँपिअर-तास भरून देते, म्हणजे रात्रीचा खर्च जवळजवळ तिथल्या तिथे फिटतो. आषाढ-श्रावणात आभाळ भरले की निम्मेही येणार नाही. तेवढ्यापुरती बॅटरी घरी चार्जरवर लावायची. कॉइलचा खर्च वसूल होतो तो दिवसाला तीन-चार तास इंजिन चालवणाऱ्यांचा: प्रवासी फेरी, गस्तीची बोट, लांबवर जाळी असलेली होडी. पॅनेल आणि कॉइल दोन्ही एकाच बॅटरीला जोडली तरी बिघडत नाही, फक्त प्रत्येकाला आपापला रेग्युलेटर हवा. आणखी एक: नाथसागराचे पाणी जायकवाडी पक्षी अभयारण्यात येते. होडीवर नवे दिवे चढवण्याआधी वन्यजीव विभागाला विचारून घ्या.

येलदरीला आमची प्रवासी बोट आहे, इंजिन दिवसभर चालतं. त्यामुळं कॉइलच बसवायची आहे. फ्लायव्हील उघडल्यावर नेमकं काय बघायचं, काय जपायचं? (जिंतूर)

फ्लायव्हीलखालच्या प्लेटवर दोन जातींच्या कॉइल असू शकतात आणि त्यांची गल्लत महागात पडते. पहिली इग्निशनची चार्ज कॉइल. तिची तार केसासारखी बारीक, रोध शेकडो ओहम, आणि चालू इंजिनात ती दोनशे-तीनशे व्होल्ट एसी देते. तिच्यावरून बॅटरी चार्ज होत नाही. हात लागला तर जबर झटका मात्र बसतो. दुसरी लाइटिंग कॉइल: तार जाड, फेरे कमी, रोध दोन ओहमच्या आत. इतका कमी रोध मोजताना मल्टीमीटरच्या दोन्ही पिना आधी एकमेकींना टेकवून येणारा आकडा वजा करायचा.

बऱ्याच इंजिनांत कंपनीने लाइटिंग कॉइलची जागा आणि स्क्रूची आटेदार भोके ठेवलेली असतात, कॉइल तेवढी दिलेली नसते. तुमचे तसे असेल तर काम निम्मे सोपे. त्याच मॉडेलची कॉइल पार्ट नंबरवरून मागवा. भोके नसतील किंवा फ्लायव्हीलच्या आत त्या बाजूला चुंबकच नसतील, तर विषय तिथेच संपला. वेल्डिंग करून, पट्टी लावून दुसऱ्या इंजिनाची कॉइल बसवण्याच्या फंदात पडू नका. पाच हजार फेऱ्यांना कॉइल चुंबकाला घासली तर फ्लायव्हीलही जाते.

फ्लायव्हील काढायला त्याच्या मध्यावरच्या आटेदार भोकांत बसणारा पुलरच वापरा. कडेला तीन बोटांचा पुलर लावला किंवा हातोडा मारला की आतले चुंबक तडकतात, नाहीतर चिकटवलेले सुटतात. वरून ते दिसतही नाही. बसवताना शाफ्टचा उतार आणि फ्लायव्हीलचे भोक पेट्रोलने पुसून कोरडे करा. तिथे ग्रीस किंवा तेल लावायचे नाही. अर्धचंद्री चावी तिच्या खाचेत नीट बसली का पाहा. नट टॉर्क पान्यानेच आवळा, आकडा त्या मॉडेलच्या सर्व्हिस पुस्तिकेतला घ्या. ‘हाताला घट्ट लागला’ एवढ्यावर सोडलेला नट ढिला पडला की चावी कातरते, टायमिंग सरकते आणि इंजिन दोरीला उलटे झटके देऊ लागते.

कॉइलच्या लोखंडी पायाची बाहेरची कड प्लेटच्या, यंत्रावर कापलेल्या कडेशी अगदी समतल असावी, बाहेर यायला नको. स्क्रूंना निळे थ्रेडलॉक लावा. नट पूर्ण आवळण्यापूर्वी दोन्ही प्लग काढून फ्लायव्हील हाताने फिरवा. कुठेही घासल्याचा आवाज आला तर पुन्हा उघडा.

यानंतरची गोष्ट बहुतेक मेकॅनिक विसरतात. अशा अनेक टू-स्ट्रोक इंजिनांत थ्रॉटल फिरवला की टायमिंग पुढे नेण्यासाठी ही प्लेटच फिरते. कॉइलच्या दोन तारा ताणून बांधल्या तर दर वेळी त्याच जागी वाकतात आणि काही महिन्यांत इन्सुलेशनच्या आत तुटतात. बाहेरून तार धड दिसते, चार्जिंग मात्र थ्रॉटलच्या एका ठरावीक जागेवर जाते-येते. तारांना सैल वळण ठेवा, वर उष्णता सोसणारी फायबरग्लास स्लीव्ह घाला आणि क्लिप फिरणाऱ्या भागाच्या पलीकडे मारा.

इंजिन ड्रममध्ये पाण्यात बुडवून चालू करा. कोरडे चालवले तर पाण्याच्या पंपाचा रबरी इम्पेलर काही क्षणांत जळतो. कॉइलच्या दोन टोकांना मोटारसायकलचा १२ व्होल्टचा हेडलाइट बल्ब जोडून हळूहळू थ्रॉटल द्या. बल्ब आयडलला मिणमिणला आणि मध्यम गतीला उजळला, तर कॉइल ठीक. त्यापुढे रेस वाढवू नका, बल्ब जाईल. इंजिनाची ताकद कमी होईल का, ही शंका सोडून द्या. ८० वॅट म्हणजे एका हॉर्सपॉवरचा जेमतेम नववा-दहावा भाग.

पुढची जोडणी अशी. कॉइलच्या दोन तारा रेक्टिफायर-रेग्युलेटरला (एसीचे डीसी करून व्होल्टेज आटोक्यात ठेवणारे युनिट), तिथून धन तार १० अँपिअरच्या फ्यूजमधून बॅटरीच्या धन टोकाला. हा फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरातच हवा, कारण शॉर्ट झाला तर मोठा प्रवाह बॅटरीकडून येतो, कॉइलकडून नाही. तार २.५ चौरस मिलिमीटरची, बहुतारी तांब्याची. जाऊन-येऊन आठ मीटर लांबीला सहा अँपिअरवर तिच्यात सुमारे ०.३५ व्होल्ट पडतो, तो चालतो. घरातली फिटिंगची एकेरी जाड तार होडीच्या थरथरीने तुटते. दिव्यांची लाइन वेगळ्या फ्यूजवरून काढा. आणि बॅटरीची कोणतीही तार इंजिनाच्या स्टॉप बटणाच्या तारेला लागू देऊ नका. तिथे १२ व्होल्ट गेले की सीडीआय युनिट (प्लगला ठिणगी देणारे इलेक्ट्रॉनिक इग्निशन) गेलेच समजा.

आमच्या मेकॅनिकनं बाजारातला चार पायांचा ब्रिज (एसीचं डीसी करणारा चार डायोडांचा संच) लावला. बॅटरी थोडी थोडी चार्ज व्हायची, पण ब्रिज हात लावू देत नव्हता इतका तापायचा. आठवड्यात फुटला, कॉइलही काळी पडली. दुसरा लावला, तोही गेला. (माजलगाव)

कॉइलचे एक टोक इंजिनाच्या बॉडीला जोडलेले आहे, हे त्याने पाहिले नाही. जुन्या इंजिनांत नुसते दिवे लावण्यासाठी दिलेली कॉइल बरेचदा अशीच असते: एक तार बाहेर, दुसरे टोक आत स्क्रूखाली दाबलेले. बॅटरीचे ऋण टोकही बॉडीलाच येते. म्हणजे ब्रिजचा एक एसी पाय आणि ऋण पाय बॉडीतून एकत्र झाले. एका अर्ध्या लहरीत बॅटरी चार्ज होते, म्हणून सगळे ठीक वाटते. दुसऱ्या अर्ध्या लहरीत कॉइलचा सगळा प्रवाह एकाच डायोडमधून फिरून परत कॉइलमध्ये जातो, म्हणजे सरळ शॉर्ट. ब्रिज कितीही मोठा आणला तरी तो जाणारच, आणि मोठा आणलात तर त्याच्या आधी कॉइल जळेल.

तपासणी एका मिनिटाची आहे. बाकीची जोडणी सोडवून मल्टीमीटरचे एक टोक इंजिनाच्या खरवडलेल्या धातूला आणि दुसरे आळीपाळीने कॉइलच्या तारांना लावा. दोन्ही तारांना ‘उघडे’ दाखवले तरच पूर्ण ब्रिज चालतो.

उपाय म्हणजे बॉडीला गेलेले टोक सोडवायचे. तिथे नवी तार डाग देऊन जोडा, वर स्लीव्ह घाला, बाहेर काढा आणि पुन्हा बॉडीशी तपासा. काळी पडलेली कॉइल वाइंडिंगवाल्याकडून भरून घेता येते, मात्र त्याला जुनी कॉइल उलगडून फेरे मोजायला आणि त्याच जाडीची तार वापरायला सांगा. तार १८० अंश सोसणाऱ्या वर्गाची हवी आणि वार्निश भट्टीत सुकवलेले. पंपाच्या मोटारीला लावतात ती उरलेली कोणतीही तार गुंडाळून दिलेली कॉइल दुसऱ्यांदा काळी होते.

टोक सोडवणे जमतच नसेल तर ब्रिज काढून एकच डायोड लावा. अर्धेच चार्जिंग मिळेल, पण काही जळणार नाही.

नवा ब्रिज घेताना ३५ अँपिअरचा, धातूच्या पाठीचा केबीपीसी ३५१० मागा. त्याचा एक कोपरा कापलेला असतो, तोच धन पाय. त्याच्या तिरपा समोरचा ऋण, उरलेले दोन एसीचे. सहा अँपिअरला तो दहा-बारा वॅट उष्णता टाकतो, म्हणून थर्मल पेस्ट लावून ॲल्युमिनियमच्या जाड पट्टीवर बसवा, लाकडावर नको.

मोटारसायकलचं आरआर (रेक्टिफायर-रेग्युलेटर) युनिट चालतं का? कंपनीचं फार महाग सांगतात. (नांदेड)

चालते, पण कोणते ते पाहून. जुन्या शंभर सीसी गाड्यांचे चार पिनांचे युनिट अर्ध्या लहरीचे असते आणि कॉइलचे एक टोक बॉडीला आहे असे धरूनच बनवलेले असते. दोन्ही टोके मोकळी असलेल्या कॉइलला ते लावू नका. मोठ्या गाड्यांचे थ्री-फेज युनिट घ्या, ज्याला एकाच रंगाच्या तीन एसी तारा येतात. त्यातल्या कोणत्याही दोन कॉइलला जोडा, तिसरीचे टोक टेपने बंद करून बांधून ठेवा. लाल तार फ्यूजमधून बॅटरीच्या धनाला, काळी किंवा हिरवी ऋणाला. काही युनिटांत आणखी एक बारीक सेन्सिंगची तार असते. ती सोडून दिली तर व्होल्टेज भलतेच चढते, तेव्हा ती बॅटरीच्या धनाला स्विचमधून द्यावी. हे युनिट जादा वीज उष्णतेत जाळते. झाकणाखाली प्लॅस्टिकला चिकटवू नका, इंजिनाच्या धातूवर बोल्टने बसवा.

रेग्युलेटरशिवायच चार्जिंग चालू आहे. बॅटरीचा स्विच चुकून बंद झाला आणि इंजिन चालू राहिलं, तर सगळे एलईडी दिवे एकदम गेले. असं का? (पैठण)

बॅटरी होती तोवर तीच व्होल्टेज खाली दाबून ठेवत होती. ती सुटल्याबरोबर कॉइलचे मोकळे व्होल्टेज, जे जोरात चालत्या इंजिनात ३०-४० च्याही वर जाते, थेट दिव्यांवर आले. जुन्या पिवळ्या बल्बच्या काळात एखादा बल्ब जायचा. आज दिवे, फिश फाइंडर आणि फोनचा चार्जर एका झटक्यात जातात. इंजिन चालू असताना बॅटरी सोडायची नाही. स्विच ठेवायचाच असेल तर तो दिव्यांच्या लाइनवर ठेवा, चार्जिंगच्या लाइनवर नको.

रेग्युलेटर लागतो का, हे मोजून ठरते. भरलेल्या बॅटरीवर पाऊण थ्रॉटलला मल्टीमीटर लावा. १३.८ ते १४.५ व्होल्ट असेल तर उत्तम. १४.८ च्या वर जात असेल तर रेग्युलेटर हवाच. ६० अँपिअर-तासांपुढची, पाणी घालायची बॅटरी चार-पाच अँपिअरची कॉइल विनारेग्युलेटरही सोसते, फक्त डिस्टिल्ड वॉटर वारंवार पाहावे लागते. ७ अँपिअर-तासांची सीलबंद बॅटरी मात्र फुगून फाटते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२-४३ ला टेकतो, तेव्हा पाणी आणखी भरभर आटते.

लिथियम बॅटरी हलकी असते म्हणून घेतली आहे. लावू का? (वसमत)

जुन्या कॉइलला थेट नको. तिच्या आतले संरक्षक सर्किट बॅटरी भरली किंवा तापली की स्वतःहून तोडते, आणि मग वरच्या उत्तरातलाच प्रकार होतो. लावायचीच असेल तर कॉइलवर शिशाची छोटी बॅटरी ठेवा आणि तिच्यावरून डीसी-डीसी चार्जरने लिथियम भरा. एवढ्या खटाटोपापेक्षा ती सोलरवर वापरलेली बरी.

आमच्या बचाव पथकाची रबरी बोट पुराच्या वेळीच निघते. इंजिनाला सेल्फ-स्टार्ट आहे, चार्जिंगही आहे, तरी दर पावसाळ्यात बॅटरी मेलेलीच सापडते. मोठी कॉइल बसवावी का? (नांदेड)

कॉइल बदलून उपयोग नाही. सेल्फ मारताना प्रवाह मोठा लागतो, पण तो दोन-तीन सेकंद. अँपिअर-तासांत तो खर्च नगण्य आहे आणि आहे ती कॉइल तो थोड्या वेळात भरून काढते. बॅटरी मरते ती उरलेले आठ-नऊ महिने गोदामात पडून. शिशाची बॅटरी वापरली नाही तरी आपोआप उतरते, उन्हाळ्यात दुप्पट वेगाने. १२.४ व्होल्टच्या खाली दीर्घकाळ राहिली की प्लेटांवर सल्फेटचा कडक थर बसतो आणि मग चार्जर लावला तरी ती वीज धरत नाही.

गोदामात एक फ्लोट चार्जर कायम जोडून ठेवा, १३.५ व्होल्टच्या आसपास थांबणारा. वीज भरवशाची नसेल तर दर महिन्याला एकदा पूर्ण चार्ज करा, तारीख बॅटरीवरच खडूने लिहा. नोंदवहीत लिहिलेली तारीख पूर येईपर्यंत कुणी उघडून पाहत नाही. पूर्ण चार्ज केल्यावर रात्रभर तशीच ठेवून १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवले पाहिजेत. १२.२ म्हणजे निम्मी. ऋण टोकाची तार सोडून ठेवा. मंजनासारखा पांढरा-हिरवा थर टोकांवर आला असेल तर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, ते पाणी भोकांतून आत जाऊ देऊ नका. बॅटरीचा डबा हवेशीर असावा आणि पेट्रोलच्या टाकीपासून दूर, कारण चार्ज होताना हायड्रोजन निघतो. दोरीची व्यवस्थाही इंजिनावर शाबूत ठेवा आणि पथकातल्या दोघांना तरी दोरीने चालू करायचा सराव असू द्या.

धरण आटल्यावर इंजिन काढून ठेवणाऱ्या मासेमारांनाही बॅटरीबाबत हेच लागू आहे.

आमचं आउटबोर्ड नाही, पंपाचं डिझेल इंजिन लांब शाफ्ट लावून होडीवर बसवलंय. त्याला काय करता येईल? (कळमनुरी)

तुमचे काम सगळ्यांत सोपे. फ्लायव्हीलवर किंवा पुलीवर पट्टा घालून छोट्या कारचा जुना अल्टरनेटर फिरवा. रेग्युलेटर त्याच्या आतच असतो. अल्टरनेटरला दोन हजार फेऱ्यांच्या आसपास धड चार्जिंग सुरू होते आणि असली इंजिने बहुधा १५०० ला चालतात, म्हणून इंजिनाची पुली अल्टरनेटरच्या पुलीच्या निदान दुप्पट व्यासाची ठेवा. इंडिकेटर बल्बची तार विसरू नका, ३ वॅटच्या बल्बमधून तिला वीज मिळाल्याशिवाय अल्टरनेटर जागा होत नाही. पट्ट्यावर जाळीचे झाकण हवेच. होडीत ओली जाळी, दोऱ्या आणि लुंगीचे टोक सगळे त्याच्या हाताच्या अंतरावर असते.